बरोबरीत सुटलेले जगज्जेतेपद

बुद्धिबळाचा डाव ‘बरोबरीत सुटला’ असे आपण म्हणतो. त्यातले ‘सुटला’ हे क्रियापद मला फार नेमके वाटते, कारण बरोबरी झाली की दोन्ही खेळाडू खरोखरच सुटतात: एकाची हरण्याच्या भीतीतून सुटका होते आणि दुसऱ्याची जिंकून दाखवण्याच्या जबाबदारीतून. ३१ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर मात्र एखादा डाव नव्हे, तर अख्खे जगज्जेतेपदच बरोबरीत सुटले. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सात डाव खेळून झाल्यावर नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन आणि रशियाचा इयान नेपोम्नियाशी यांनी पुढे न खेळता विजेतेपद वाटून घेण्याची तयारी दाखवली, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ते मान्य केले. थेट प्रक्षेपण पाहत मी रात्र जागून काढली होती. निर्णय जाहीर झाला तेव्हा मी पडद्यासमोर तसाच बसून राहिलो, आणि खरे सांगायचे तर कोणीतरी आपल्याला अर्ध्या पंगतीतून उठवले आहे असे मला वाटले. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहून झाले आहे, तरीही मला नेमके काय खटकले, हे स्वतःशीच स्पष्ट करून घेण्यासाठी हे लिहीत आहे.

ज्यांचा या प्रकाराशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी आधी स्पर्धेचे स्वरूप सांगतो. जागतिक रॅपिड आणि ब्लिट्झ अजिंक्यपद ही बहुधा डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात होणारी जोडस्पर्धा आहे, आणि तिच्यात खुला व महिला असे दोन गट असतात. वर्तमानपत्रे ज्याला जलद बुद्धिबळ म्हणतात त्या रॅपिडमध्ये प्रत्येक खेळाडूला संपूर्ण डावासाठी १५ मिनिटे मिळतात आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंदांची भर पडते. ब्लिट्झ, म्हणजे अतिजलद प्रकारात, हाच हिशेब ३ मिनिटे आणि चालीमागे २ सेकंद असा आहे. साठ चालींचा डाव झाला असे धरले तर रॅपिडमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला एकूण २५ मिनिटे येतात आणि ब्लिट्झमध्ये अवघी ५. क्लासिकल, म्हणजे पारंपरिक दीर्घ वेळेचा डाव चार-पाच तास सहज चालतो. तेवढ्या वेळात ब्लिट्झच्या स्पर्धेतला खेळाडू आठ-दहा प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन करून मोकळा झालेला असतो, आणि त्यांतल्या एखाद्या पराभवाचे दुःख करायला त्याला पुढची फेरी सुरू होईपर्यंतचीच काय ती सवड मिळते.

वेळ कमी झाला की नियमही बदलतात. ब्लिट्झमध्ये चाली लिहून ठेवण्याचे बंधन नसते. ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते. नियमबाह्य चाल पूर्ण केली तर प्रतिस्पर्ध्याला एक मिनिट जादा दिले जाते, आणि तीच चूक दुसऱ्यांदा झाली तर डाव गमवावा लागतो. क्लासिकलमध्ये अशा चुकीसाठी दोन मिनिटे जादा दिली जातात, पण तिथे त्या दोन मिनिटांचे फारसे काही वाटत नाही. ब्लिट्झमधले एक मिनिट म्हणजे मूळ शिध्याचा तिसरा हिस्सा. माझी स्वतःची एक फजिती इथे सांगायला हरकत नाही. एका हौशी स्पर्धेत शेवटच्या काही सेकंदांत मी दोन्ही हातांनी किल्लेकोट केला, एका हाताने राजा आणि दुसऱ्याने हत्ती, आणि घड्याळ दाबून मोठ्या समाधानाने मान वर केली, तर समोरचा मुलगा घड्याळ थांबवून पंचांची वाट पाहत बसला होता. दोन हात वापरून केलेली चाल ही नियमबाह्य चाल मानली जाते, हे मला त्या दिवशी कळले. त्याचे वय दहाच्या आसपास असावे आणि नियम त्याला पाठ होते.

चालीमागे मिळणारी ही दोन सेकंदे दिसायला किरकोळ आहेत, पण आजच्या ब्लिट्झची सारी प्रकृती त्यांनीच घडवली आहे. ती नव्हती तेव्हाचा खेळ कसा होता हे पाहायचे तर १९७० साली तत्कालीन युगोस्लाव्हियातील हर्सेग नोवी येथे झालेल्या स्पर्धेकडे जावे लागते. अधिकृत जगज्जेतेपद तिला नव्हते, परंतु ताल, पेट्रोशियन आणि स्मिस्लोव्ह हे तीन माजी जगज्जेते तिथे खेळत होते, शिवाय कोर्चनॉय आणि ब्रॉनस्टीन होते, आणि प्रत्येक डावाला प्रत्येकी सरळ पाच मिनिटे होती. बॉबी फिशरने २२ डावांत १९ गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरचा मिखाईल ताल त्याच्यापेक्षा साडेचार गुणांनी मागे होता. स्पर्धेनंतर फिशरने आपल्या डावांच्या चाली आठवणीतून सांगितल्या, असे त्या वेळच्या वृत्तांतात नमूद आहे, आणि मला त्याच्या गुणांपेक्षा हीच गोष्ट अधिक विलक्षण वाटते, कारण त्यातून दिसते की पाच मिनिटांतही त्याच्या डोक्यात डाव सलग उमटत होता, तुकड्यातुकड्यांनी नव्हे. तालने आपले उट्टे पुढे १९८८ मध्ये काढले. कॅनडातील सेंट जॉन येथे कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह दोघेही खेळत असलेल्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत वयाच्या ५१व्या वर्षी, खंगलेल्या प्रकृतीनिशी तो विजेता ठरला. जलद खेळ हे फक्त पोरांचे काम आहे असे कोणी म्हटले की मला हा ताल आठवतो.

भर नसलेल्या त्या जुन्या घड्याळात एक अन्याय दडलेला होता. राजा आणि हत्ती विरुद्ध राजा आणि हत्ती अशी अवस्था पटावर उरली की ती बरोबरीची आहे हे कोणाही जाणकाराला दिसते; पण एकाकडे दहा सेकंद आणि दुसऱ्याकडे चार असतील तर पुढचा सामना बुद्धीचा राहत नाही, तो हातांचा होतो. मोहरे कलंडतात, घड्याळावर थापा पडतात, आणि ज्याचे निशाण पडले, म्हणजे वेळ संपला, तो हरतो. गंमत अशी की हा अन्याय दूर करणारे घड्याळ फिशरनेच पुढे आणले. प्रत्येक चालीनंतर थोडा वेळ परत देणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी त्याने १९८८ मध्ये अमेरिकेत अर्ज केला, १९८९ मध्ये ते मिळाले, आणि १९९२ मध्ये स्पास्कीविरुद्धच्या त्याच्या पुनरागमनाच्या सामन्यात ते वापरले गेले. सरळ पाच मिनिटांच्या खेळात ज्याला कोणी हरवू शकत नव्हते, त्याच माणसाने त्या खेळातली हातघाई काढून टाकावी, हे मला नेहमीच लक्षणीय वाटत आले आहे. दोन सेकंदे हातात असली की बरोबरीची अवस्था बरोबरीत राखता येते आणि जिंकलेली अवस्था, नसा शाबूत असतील तर, जिंकता येते. त्यामुळे आजच्या ब्लिट्झमध्ये लागलेला निकाल बहुतेक वेळा पटावरचा निकाल असतो.

‘हे खरे बुद्धिबळ नव्हे’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मला खेळ शिकवणारे काका त्यांच्यातलेच होते. घड्याळ लावून खेळलेला डाव त्यांच्या लेखी डावच नव्हे. हाताला लागलेली ती एक चटक. मीही बराच काळ तसेच मानत होतो. माझे मत बदलले ते मानसशास्त्रातल्या एका प्रसिद्ध प्रयोगाविषयी वाचल्यावर. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी खऱ्या डावांतील अवस्था खेळाडूंना सुमारे पाच सेकंद दाखवून त्या आठवणीतून पुन्हा मांडायला सांगितल्या. त्यांच्या आधी डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने हा मार्ग दाखवून ठेवलेला होता. निष्णात खेळाडूने जवळजवळ सगळा पट मांडला आणि नवख्याला थोडेच मोहरे आठवले. परंतु तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले तेव्हा निष्णाताचा हा वरचढपणा जवळपास नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती असामान्य नव्हती. त्याला पट ओळखीचा वाटत होता. आपण ‘पाऊस’ हा शब्द अक्षर अक्षर लावून वाचत नाही, तसा तो किल्लेकोट केलेल्या राजाभोवतीची प्यादी, घोडा आणि हत्ती यांचा समूह एकाच नजरेत वाचतो. क्लासिकल डावात ही ओळख आणि गणन हातात हात घालून चालतात, तर ब्लिट्झमध्ये गणनाला वाव नसल्यामुळे ओळख किती खोल आहे हे उघडे पडते. ज्याने वर्षानुवर्षे मन लावून अभ्यास केला नाही त्याला तीन मिनिटांत चांगले खेळता येत नाही. त्याला फक्त भराभर खेळता येते, आणि मी माझ्या संध्याकाळी नेमके तेच करतो.

अर्थात याला एक सुंदर अपवादही आहे. रशियाचा अलेक्झांडर ग्रिश्चुक क्लासिकल डावांत वेळेच्या तंगीत सापडण्यासाठी प्रसिद्ध आहे. एकेका चालीवर तो अर्धा अर्धा तास घालवतो आणि मग डझनभर चाली मिनिटाभरात उरकण्याची पाळी स्वतःवर ओढवून घेतो. या माणसाने २००६, २०१२ आणि २०१५ असे तीनदा ब्लिट्झचे जगज्जेतेपद जिंकले आहे. वेळ मुळातच नसेल तर तो वाया घालवण्याचा प्रश्नच उरत नाही, एवढेच मी यावर म्हणू शकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जलद प्रकारांना दुय्यम मानणाऱ्यांना एका गोष्टीचा विसर पडतो, ती म्हणजे क्लासिकल जगज्जेतेपदाचा निकाल लागेनासा झाला की तो लावण्यासाठी हेच प्रकार बोलावले जातात. २००६ मध्ये एलिस्टा येथे क्रामनिक आणि टोपालोव्ह यांचा सामना रॅपिडने निकाली काढला. २०१२ मध्ये मॉस्को येथे आनंद आणि गेलफांड बारा डावांनंतर ६–६ असे बरोबरीत होते आणि आनंदने रॅपिडमध्ये २.५–१.५ असा विजय मिळवून मुकुट राखला. २०१६ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्लसनने कार्याकिनला टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा डावांत, हरवले, आणि त्याची अखेरची चाल वजिराचा बळी देणारी होती. २०१८ मध्ये लंडन येथे तर कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. शेवटच्या डावात कार्लसनने स्वतःची अवस्था चांगली असतानाही बरोबरीचा प्रस्ताव ठेवला, त्यावर दिग्गजांनी टीका केली, आणि त्यानंतर रॅपिडमध्ये त्याने कारुआनाला ३–० असे नमवून टीकाकारांना उत्तर दिले. २०२३ मध्ये अस्ताना येथे डिंग लिरेन आणि नेपोम्नियाशी यांच्यात चौदा डावांनंतर ७–७ अशी कोंडी झाली आणि डिंग टायब्रेकरमध्ये जगज्जेता ठरला. अलीकडचे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे: जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि दिव्याने रॅपिडमध्ये १.५–०.५ अशी बाजी मारून विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला.

या साऱ्या यादीकडे पाहिले की मला न्यूयॉर्कमध्ये काय खटकले ते कळते. दुसऱ्यांच्या बरोबऱ्या फोडण्यासाठी जो खेळ पंचासारखा बोलावला जातो, त्याच्याच अजिंक्यपदाचा निवाडा त्या रात्री झाला नाही.

कार्लसन आणि नेपोम्नियाशी हे दोघेही १९९० साली जन्मलेले, किशोरवयापासून एकमेकांशी खेळत आलेले. त्यांपैकी एकाच्या वाट्याला टायब्रेकरचे सुख आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला टायब्रेकरची सारी करुणकथा. २०१७ मध्ये रियाध येथे विश्वनाथन आनंदने वयाच्या ४८व्या वर्षी, पंधरा फेऱ्यांत एकही डाव न गमावता, नवव्या फेरीत कार्लसनला हरवून रॅपिडचे जगज्जेतेपद मिळवले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वेळी साडेदहा गुणांवर तिघे होते: आनंद, फेदोसीव्ह आणि नेपोम्नियाशी. नियमाप्रमाणे आकडेमोडीने क्रम लावून तिघांपैकी पहिल्या दोघांनाच टायब्रेकर खेळायला मिळाला, आनंदने तो जिंकला, आणि नेपोम्नियाशी न खेळताच तिसरा राहिला. २०२१ च्या डिसेंबरात दुबईत कार्लसनविरुद्धचा क्लासिकल जगज्जेतेपदाचा सामना हरून तो काही आठवड्यांतच वॉर्सा येथे रॅपिड खेळायला आला. तिथे साडेनऊ गुणांवर चौघे आले. या वेळी टायब्रेकरमध्ये त्याला जागा मिळाली, पण उझबेकिस्तानच्या १७ वर्षांच्या नोदिरबेक अब्दुसत्तोरोव्हने त्याला हरवले. २०२३ मध्ये अस्ताना येथे डिंगविरुद्धची रॅपिडची अखेर मी वर सांगितलीच आहे. इतके झाल्यावर टायब्रेकर हा शब्द ऐकून या माणसाच्या पोटात गोळा येत नसेल तरच नवल.

वॉर्साच्या त्या चौघांपैकी बाहेर राहिलेल्या दोघांत एक होता कार्लसन. समान गुण असूनही आपल्याला टायब्रेकर खेळू दिला नाही, यावर त्याने तेव्हा जाहीरपणे आणि अत्यंत कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली होती, आणि त्याचे म्हणणे मला तेव्हा शंभर टक्के पटले होते. बरोबरी झाली असेल तर ती खेळूनच सोडवली पाहिजे, आकडेमोडीने नव्हे, हा त्याच्या तक्रारीचा गाभा होता. तीन वर्षांनी हवे तेवढे खेळण्याची मुभा असताना त्याच खेळाडूला थांबावेसे वाटले.

न्यूयॉर्कची स्पर्धा तशी सुरुवातीपासूनच खेळापेक्षा इतर गोष्टींसाठी गाजत होती. जीन्स घातल्याबद्दल कार्लसनला २०० डॉलर दंड झाला, कपडे बदलायला नकार दिल्यामुळे पुढच्या फेरीत त्याची जोडी लावली गेली नाही, तो रॅपिडमधून बाहेर पडला आणि पोशाखाचे नियम सैल झाल्यावर ब्लिट्झसाठी परतला. त्या विजारीवर इतकी शाई खर्ची पडली आहे की मी अधिक लिहीत नाही. या गदारोळात रॅपिडचे जगज्जेतेपद १८ वर्षांच्या वोलोदार मुर्झिनने जिंकले, त्याची मात्र म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

त्या वर्षी ब्लिट्झची रचनाही नवी होती. स्विस पद्धतीच्या, म्हणजे साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावणाऱ्या, तेरा फेऱ्यांनंतर पहिले आठ खेळाडू बाद फेरीत गेले आणि अंतिम सामना चार डावांचा ठेवला गेला. कार्लसनने पहिले दोन्ही डाव जिंकले. त्याला आता उरलेल्या दोन डावांत फक्त अर्धा गुण हवा होता, आणि जगात कार्लसनकडून असा अर्धा गुण रोखून धरणारे किती खेळाडू आहेत, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. नेपोम्नियाशीने तिसरा डाव जिंकला. मग चौथाही जिंकला. मी त्या वेळी खुर्चीतून उठून उभा होतो. २–२ झाल्यावर नियमाप्रमाणे जो पहिला डाव जिंकेल तो जगज्जेता ठरणार होता. पाचवा डाव बरोबरीत सुटला, सहावा सुटला, सातवाही सुटला. आठव्या डावाची वाट पाहत असताना पटाऐवजी पडद्यावर दोघांची अधिकाऱ्यांशी चाललेली चर्चा दिसू लागली, आणि काही वेळाने या स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच दोन विजेते जाहीर झाले. निर्णय होत नसताना आपण फिडे मानेपर्यंत झटपट बरोबऱ्या करत राहू, अशा आशयाचे कार्लसनचे बोलणे असलेली एक ध्वनिचित्रफीत नंतर फिरू लागली. ती थट्टा होती असे त्याने स्पष्ट केले. मी ती थट्टाच मानतो, पण सामन्याच्या त्या टप्प्यावर करण्याजोगी ती थट्टा नव्हती.

त्यांची बाजू मला समजत नाही असे नाही. अनेक दिवस दोघे खेळत होते, त्या दिवशी तर लागोपाठ सामने झाले होते, शिवाय वर्षाची अखेरची संध्याकाळ होती. नियमातही खोट होती, कारण ‘कोणीतरी जिंकेपर्यंत’ असे लिहिले आणि शेवट कसा करायचा ते लिहिले नाही, तर थकलेले दोन सुज्ञ खेळाडू धोका न पत्करता दिवस उजाडेपर्यंत बरोबऱ्या करू शकतात. या रोगावरचे औषध बुद्धिबळात पूर्वीपासून आहे. आर्मागेडन डावात पांढऱ्याला अधिक वेळ मिळतो, काळ्याला कमी, आणि बरोबरी झाली तर काळा जिंकला असे मानले जाते. हा प्रकार क्रूर आहे, कुरूप आहे, आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी बसलेल्याला पाहून दया येते. पण त्यातून कोणालाही बरोबरीत सुटता येत नाही. नियमात तो असता तर मध्यरात्रीपूर्वीच जगज्जेता ठरला असता.

माझ्या रागाचे दोन भाग मात्र सारखे नाहीत. नेपोम्नियाशीवर मला रागावता येत नाही. ०–२ अशा पिछाडीवरून कार्लसनविरुद्ध सलग दोन डाव जिंकून आलेल्या, आणि आयुष्यभर टायब्रेकरने छळलेल्या माणसापुढे कोणी अर्धा मुकुट ठेवला तर त्याने तो घेऊ नये, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. रॅपिड किंवा ब्लिट्झचे ते त्याचे पहिलेच जगज्जेतेपद होते. कार्लसनची गोष्ट निराळी. त्याच्याकडे ब्लिट्झची सात जगज्जेतेपदे आधीच होती, आणखी एक डाव हरल्याने त्याचे काहीच बिघडले नसते. फिडेची गोष्ट त्याहून निराळी, कारण एकच वर्ष आधी समरकंद येथे याच स्पर्धेत दुबोव्ह आणि नेपोम्नियाशी यांनी घोडे पटभर नाचवून परत घरी आणत ठरवून केलेली बरोबरी पंचांनी अमान्य केली होती आणि दोघांनाही शून्य गुण दिले होते. बरोबरी खेळून मिळवावी लागते, ठरवून नव्हे, असा तो निवाडा होता आणि तो मला योग्य वाटला होता. स्पर्धेच्या मधल्या एका फेरीतल्या अर्ध्या गुणासाठी जी कठोरता दाखवली, ती अंतिम सामन्याच्या वेळी कुठे गेली?

याच संध्याकाळी, याच ठिकाणी, महिलांच्या ब्लिट्झचा अंतिम सामनाही चालला होता, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही याची मला आजही थोडी लाज वाटते. चीनच्या जू वेनजुन आणि लेई टिंगजी यांचेही चार डावांनंतर २–२ असेच झाले. त्यांनी पाचवा डाव खेळला, सहावा खेळला, आणि जू वेनजुन ३.५–२.५ अशी जिंकली. थकवा त्यांनाही असणारच. त्या स्पर्धेत आपल्या आर. वैशालीने कांस्यपदक मिळवले.

त्याआधी तीन दिवस महिलांच्या रॅपिडमध्ये कोनेरू हम्पी ११ पैकी ८.५ गुणांसह एकटी अव्वल आली होती. पहिल्याच फेरीत हरून सुरुवात केलेल्या या खेळाडूने शेवटच्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी इंडोनेशियाच्या इरीन सुकंदरला हरवले. टायब्रेकरची दोन्ही तोंडे हम्पीने पाहिलेली आहेत. २०१९ मध्ये मॉस्को येथे, मुलीच्या जन्मानंतर घेतलेल्या दीर्घ विश्रांतीतून परतल्यावर, लेई टिंगजीविरुद्ध आर्मागेडनपर्यंत गेलेल्या टायब्रेकरमधून तिने पहिले जगज्जेतेपद मिळवले. २०२३ मध्ये समरकंद येथे समान गुण असताना अनास्तासिया बोदनारुककडून टायब्रेकरमध्येच ती हरली. न्यूयॉर्कमध्ये तिने ही वेळच येऊ दिली नाही. जगज्जेतेपद वाटून घ्यायचे की नाही यावर जग वाद घालत असताना तिच्या या अर्ध्या गुणाच्या आघाडीकडे मी वारंवार परत जात होतो.

डिसेंबर २०२५ मध्ये ही स्पर्धा दोहा येथे झाली. कार्लसनने रॅपिड जिंकले, आणि ब्लिट्झच्या अंतिम सामन्यात अब्दुसत्तोरोव्हला, म्हणजे वॉर्साच्या त्या पोराला, हरवून तेही जिंकले. अर्जुन एरिगेसीने दोन्ही प्रकारांत कांस्यपदक पटकावले. मला त्या अंतिम सामन्यात सर्वांत आवडले ते हे की कोण जिंकले हे पटावरून कळले.

न्यूयॉर्कच्या त्या रात्रीपासून माझ्या एका मित्राने आणि मी आमच्या शनिवारच्या ब्लिट्झसाठी एक नियम केला आहे. बैठक संपताना गुण सारखे असतील तर उठायचे नाही. पाच मिनिटे पांढऱ्याला, चार काळ्याला, आणि बरोबरी झाली तर काळा विजयी. तोवर आम्ही दोघेही इतके थकलेले असतो की त्या डावात वजीर फुकट देण्याचेही प्रसंग येतात. काळे मोहरे कोणी घ्यायचे यावर मात्र प्रत्यक्ष डावापेक्षा जास्त वेळ वाद चालतो, आणि त्या वादाला अजून कोणी घड्याळ लावलेले नाही.